श्रीमंत मरायची लाज

आपल्याकडे पोलाद आणि दान यांची गाठ पडते ती स्वयंपाकघरात. मांडणीवरचा कुठलाही डबा, वाटी, तांब्या उचलून बघा, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं. कुणाच्या लग्नात मामाकडून, कुणाच्या मुंजीत आत्याकडून, कुणाच्या वास्तुशांतीला 'मित्रपरिवार' अशा मोघम सहीने. भांड्यांच्या दुकानातला माणूस मशीन लावून टर्रर्र आवाज काढत नाव घालतो आणि देणारा शेजारी उभा राहून ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. देवळात याच्या पुढची पायरी. तिथे पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव, आडनाव आणि गाव. पंखा चालू असला की नाव वाचता येत नाही, नाव वाचता आलं की वारा लागत नाही. देणाऱ्याचं समाधान आणि घेणाऱ्याचं सुख एकाच वेळी साधू नये अशी ही रचना ज्याने केली, त्याला माणसाचा स्वभाव नीट कळला होता.

अँड्र्यू कार्नेगी मला म्हणूनच परका वाटत नाही. स्कॉटलंडमधून अमेरिकेत गेलेला, पोलादात गडगंज झालेला आणि मग ते सगळे पैसे वाटून टाकायच्या मागे लागलेला हा गृहस्थ. त्याचं पोलाद वाटी-तांब्याचं नव्हे, रेल्वेच्या रुळांचं आणि पुलांच्या तुळयांचं. न गंजणारं पोलाद यायला 1913 साल उजाडलं. तोवर कार्नेगीला धंदा विकून बारा वर्षं झाली होती. पण वस्तूला नाव दिलं की माणसं कशी कामाला लागतात, हे त्याला शाळकरी वयातच कळलं होतं.

25 नोव्हेंबर 1835 ला डनफर्मलिन गावात तो जन्मला. घर विणकराचं. खाली माग, वर माळ्याची खोली, तेवढाच संसार. अँड्र्यूने ससे पाळले. सशांचं जे होतं तेच झालं, पिल्लं झाली आणि खाणारी तोंडं वाढली. आता पाला कोण आणणार? याने आळीतली पोरं गोळा केली आणि जाहीर केलं की जो पाला आणून देईल त्याच्या नावाचं एक पिल्लू. पोरं सुट्टीचा आख्खा दिवस कुरणात वाकून पाला खुडत राहिली. मजुरीपायी दमडी खर्ची पडली नाही. पुढे 1875 मध्ये त्याचा पोलादाचा मोठा कारखाना पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉकला सुरू झाला, तेव्हा त्याने त्याला नाव दिलं एडगर थॉमसन यांचं. हे थॉमसन म्हणजे पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे अध्यक्ष, आणि रेल्वे म्हणजे रुळांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. पहिलीच मागणी दोन हजार रुळांची आली, ती याच रेल्वेकडून. ससा तोच, आकार तेवढा वाढला.

पण हे फार पुढचं झालं. आधी घरावर आभाळ कोसळायचं होतं. वाफेचे माग आले आणि हातमागावर नक्षीदार दमास्क विणणाऱ्या बापाचं काम बसलं. विल्यम कार्नेगी सज्जन माणूस, पण सज्जनपणाला बाजारात भाव नसतो. आई मार्गारेट मात्र खमकी. तिने घरातच छोटंसं दुकान थाटलं, रात्री जोडे शिवले आणि एक दिवस ठरवलं की इथं काही खरं नाही. माग विकले, तरी बोटीचं भाडं पुरं होईना. मैत्रिणीकडून वीस पौंड उसने घेतले आणि 1848 मध्ये आई, बाप, बारा वर्षांचा अँड्र्यू आणि धाकटा टॉम ग्लासगोहून बोटीत बसले. त्याच वर्षी इकडे पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. आज आपण तिला पुणे नगर वाचन मंदिर म्हणतो. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण पुढे वाचनालयांचा विषय निघणारच आहे, म्हणून हे साल खुंटीला टांगून ठेवतो.

पिट्सबर्गला लागून असलेल्या ॲलेगनीत बिऱ्हाड पडलं. बापाने तिथेही पुन्हा माग मांडला आणि टेबलक्लॉथ विणून दारोदार विकू लागला. ज्या रोगाने गाव सोडायला लावलं तोच बरोबर घेऊन आला म्हणायचा. अँड्र्यू तेराव्या वर्षी सूतगिरणीत बॉबिनवाला पोऱ्या म्हणून लागला. बारा-बारा तास काम, आठवड्याला 1 डॉलर 20 सेंट. दुसरी नोकरी तळघरात, बॉयलर सांभाळायची आणि बॉबिनं तेलात बुडवायची. त्या तेलाच्या वासाने पोटात ढवळायचं. आई शेजारच्या फिप्स नावाच्या जोडेवाल्याकडून काम आणून रात्री शिवत बसायची. या फिप्सचा मुलगा हेन्री पुढे कार्नेगीचा भागीदार झाला, कोट्यधीश झाला आणि त्याने लॉर्ड कर्झनच्या हाती तीस हजार पौंड ठेवले. त्यातून बिहारमध्ये पुसा इथे शेती संशोधनाची संस्था उभी राहिली. पुढे तिथे भूकंप झाल्यावर ती दिल्लीला हलली, 'पुसा' हे नाव मात्र राहिलं. पिट्सबर्गच्या गल्लीतल्या त्या जोड्यांचा धागा आपल्या गव्हाच्या शेतापर्यंत असा येतो.

मग तारऑफिसात निरोप्या पोऱ्याची जागा मिळाली, अडीच डॉलरवर. गावातल्या धंदेवाल्या रस्त्यांवरच्या दुकानांची नावं आणि मालकांचे चेहरे त्याने पाठ करून टाकले, म्हणजे साहेब वाटेत भेटला तर तार तिथेच हातावर ठेवता यावी. लांबच्या पत्त्यावर तार नेली की दहा सेंट जादा मिळत. त्या दहा सेंटांवरून पोरांत हाणामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा यानेच तोडगा काढला: सगळे जादा पैसे एका डब्यात टाकायचे आणि शनिवारी सारखे वाटायचे. खजिनदार अर्थात स्वतः. शेजारी मिठाईचं दुकान होतं आणि पोरं डब्यातल्या वाट्याच्या भरवशावर तिथे उधारी करू लागली. खजिनदाराने दुकानदाराला जाऊन बजावलं की या खादाड पोरांच्या उधारीला मी जबाबदार नाही. पंधरा वर्षांचं पोर! आपल्याकडच्या सहकारी पतपेढ्यांना असा एक खजिनदार मिळाला असता तर पुष्कळ ठेवीदारांची झोप टिकली असती.

याच काळात कर्नल जेम्स अँडरसन नावाच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली चारशे पुस्तकं कामकरी पोरांसाठी खुली केली. दर शनिवारी एक पुस्तक न्यायचं, पुढच्या शनिवारी बदलून घ्यायचं. अँड्र्यूची शाळा डनफर्मलिनलाच सुटली होती. पुढचं सगळं शिक्षण या शनिवारांवर झालं. काही वर्षांनी त्या वाचनालयाचा कारभार नव्या लोकांकडे गेला आणि त्यांनी नियम काढला की फुकट पुस्तकं फक्त करार करून हाताखाली शिकणाऱ्या उमेदवारांना. बाकीच्यांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत. तारवाला पोऱ्या कुणाचा उमेदवार नव्हता. त्याने 'पिट्सबर्ग डिस्पॅच'ला पत्र लिहिलं. ग्रंथपालांनी उत्तर दिलं. याने उत्तराला उत्तर दिलं. शेवटी नियम बदलला. वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रव्यवहाराने जगात काही बदलतं यावर माझा फारसा विश्वास नाही, पण हे एक उदाहरण नाकारता येत नाही. त्या दोन डॉलरांचा राग पुढे अडीच हजार इमारतींमधून बाहेर पडला.

रेल्वेत तो गेला 1853 मध्ये, टॉम स्कॉट या साहेबाचा तारवाला कारकून म्हणून, महिना 35 डॉलरवर. स्कॉटनेच त्याला ॲडम्स एक्स्प्रेस कंपनीचे शेअर घ्यायला लावलं. आईने घर गहाण ठेवून पैसे उभे केले. पहिला लाभांश दहा डॉलरचा आला. घाम न गाळता आलेला हा आयुष्यातला पहिला पैसा पाहून पोरगा हरखून गेला. यानंतर तो कसा श्रीमंत झाला हे सांगण्यात मला विशेष रस नाही. स्लीपर डबे, तेल, लोखंडी पूल, मग पोलाद; श्रीमंत होण्याच्या कथा सगळ्या सारख्याच असतात, एकदा पाय लागला की शिडी आपोआप वर सरकते.

रस आहे तो एका कागदात. डिसेंबर 1868. कार्नेगी 33 वर्षांचा, न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस हॉटेलात मुक्काम. वर्षअखेरीचा हिशेब करून झाल्यावर त्याने एक टिपण लिहिलं, फक्त स्वतःसाठी. वर्षाला पन्नास हजार डॉलर मिळतायत, यापुढे जास्त मिळवायचे नाहीत. दोन वर्षांत धंद्यातून अंग काढून घ्यायचं, ऑक्सफर्डला राहून नीट शिकायचं. पैशाची पूजा ही मूर्तिपूजेतली सर्वांत हीन. याच वाटेने गेलो तर माणूस म्हणून उरणार नाही. आपण 31 डिसेंबरला व्यायामाचे आणि पहाटे उठण्याचे संकल्प करतो, तसलाच हा प्रकार. आपले संकल्प पहिल्या आठवड्यात मोडतात. कार्नेगीने आपला आणखी 33 वर्षं मोडला. पण कागद फाडला मात्र नाही; तो मेल्यावर त्याच्या दप्तरात सापडला.

या 33 वर्षांत त्याने काय केलं, तर खर्चावर डोळा ठेवला. कढत कच्च्या लोखंडातून जोराने हवा फुंकली की त्यातला कार्बन जळून जातो आणि वीसेक मिनिटांत पोलाद तयार होतं, ही बेसेमरची युक्ती इंग्लंडची. कार्नेगीला धातुशास्त्र फारसं येत नव्हतं. पण एका टनामागे चुना किती, कोक किती, भट्टीच्या अस्तराच्या विटा किती झिजल्या, हे त्याला रोजच्या रोज कागदावर लागायचं. नफ्याचं विचारायचा नाही, खर्च विचारायचा. ब्रॅडॉकचा कारखाना चालवायला बिल जोन्स नावाचा एक तडफदार कॅप्टन होता. जास्त माल काढणाऱ्या भट्टीवर विजयाचा झाडू बांधायची प्रथा होती आणि त्या झाडूसाठी कामगार एकमेकांशी ईर्ष्या करत. पुन्हा ससे! जोन्सला कार्नेगीने भागीदारी देऊ केली. तो म्हणाला, भागीदारी नको, डोक्याला ताप होतो. त्यापेक्षा सणसणीत पगार द्या. कार्नेगीने त्याला अमेरिकेच्या अध्यक्षाइतका पगार लावला.

हाच जोन्स म्हणायचा की माणसाला भट्टीपुढे आठ तासांवर राबवू नये, आणि ब्रॅडॉकला काही वर्षं आठ तासांची पाळी चाललीही. 1888 मध्ये ती गेली आणि बारा तासांची आली. पुढच्याच वर्षी दोन गोष्टी झाल्या. भट्टीच्या स्फोटात भाजून जोन्स गेला. आणि कार्नेगीने एका मासिकात तो प्रसिद्ध लेख लिहिला: जादा संपत्ती ही समाजाची ठेव, धनवान हा तिचा विश्वस्त, आणि जो ती न वाटता मेला तो कलंक घेऊन मेला. श्रीमंताच्या मरणानंतर सरकारने त्याच्या इस्टेटीवर जबर कर बसवावा, असंही त्याने त्यात म्हटलं. भिकाऱ्याच्या हातावर नाणं टेकवण्याला त्याचा सक्त विरोध; धर्मादायाच्या हजार डॉलरांतले साडेनऊशे वाया जातात हा त्याचा हिशेब. आपल्या पुराणिकबुवांनी सत्पात्री दानावर इतकी वर्षं प्रवचनं केली, पण टक्केवारी काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

लेखाची शाई वाळून तीन वर्षं झाली आणि होमस्टेड घडलं. तिथल्या कारखान्यात कामगारांची संघटना बळकट होती. करार 30 जून 1892 ला संपत होता. मजुरी कमी करायची आणि संघटना मोडायची, हे ठरलेलं होतं. हे काम कार्नेगीचा भागीदार हेन्री फ्रिक याने अंगावर घेतलं आणि कार्नेगी स्कॉटलंडला सुट्टीवर गेला. फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण घातलं आणि 6 जुलैच्या पहाटे पिंकर्टन कंपनीचे तीनशे बंदूकधारी तराफ्यांवरून नदीमार्गे आणवले. काठावर कामगार, त्यांच्या बायका, आख्खं गाव. दिवसभर गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. मग सरकारी फौज आली, संप चिरडला गेला, संघटना संपली. हाच कार्नेगी सहा वर्षांपूर्वी लिहून गेला होता की कामगारांना संघटना करायचा हक्क आहे आणि दुसऱ्याची नोकरी हिसकावून घेऊ नये ही कामगारांमधली धर्माज्ञाच असते. लिहिणारा हात एक, पैसे मोजणारा दुसरा, आणि दोघांची ओळख करून द्यायला मध्ये कुणी नाही. पुढे आत्मचरित्रात त्याने या प्रकरणाचं अतोनात दुःख झाल्याचं लिहिलं आहे. दुःख खोटं नसावं. पण फ्रिकला पत्रांतून पाठिंबा देणाराही तोच होता, आणि तेव्हा मोडलेली संघटना त्या गिरण्यांत पुढे चाळीसेक वर्षं उभी राहिली नाही.

1898 मध्ये होमस्टेडला टेकडीवर त्याने वाचनालय बांधून दिलं. देखणी इमारत, आत संगीताचं सभागृह, पोहण्याचा तलाव. ब्रॅडॉकच्या वाचनालयात तर तळघरात न्हाणीघर होतं, म्हणजे भट्टीवरून सुटलेल्या माणसाने काजळी धुवावी आणि मग पुस्तकाला हात लावावा. कल्पना किती प्रेमळ! पण बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस अंघोळ करून वाचायला बसेल की जेवून आडवा होईल? कामगार उघड म्हणायचे, आमची मजुरी वाढवा, पुस्तकं आमची आम्ही घेऊ. आपल्याकडे याला 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' म्हणतात. कार्नेगीचं उत्तर असं की आठवड्याला चार पैसे वाढवून दिले तर ते खाण्यापिण्यात जातील, वाचनालय राहील. हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. खाणंपिणं म्हणजे उधळपट्टी असं फक्त पोट भरलेल्या माणसालाच वाटतं.

अखेर 1901, धंदा विकायचं साल. कारखान्याचा अध्यक्ष चार्ल्स श्वाब मध्यस्थ, घेणारा जे. पी. मॉर्गन. म्हाताऱ्याचा मूड चांगला असेल तेव्हाच विषय काढावा, तेव्हा आधी गोल्फ खेळा आणि त्यांना जिंकू द्या, असा सल्ला कार्नेगीच्या बायकोने, लुईसने, श्वाबला दिला म्हणतात. खेळ झाला, म्हातारा जिंकला, आणि मग त्याने एका कागदावर पेन्सिलीने आकडा लिहिला: 48 कोटी डॉलर. मॉर्गनने कागद पाहिला आणि मान्य म्हणाला. आपण मेथीच्या जुडीला यापेक्षा जास्त बोलतो. कार्नेगीच्या वाट्याला साडेबावीस कोटींचे रोखे आले. ते ठेवायला न्यू जर्सीत होबोकनला खास तिजोरीची खोली केली आणि तो म्हणे ते बघायला एकदाही गेला नाही.

आता वाटणं आलं. इथे खरी तारांबळ सुरू होते. पाच टक्के व्याजाने पैसे वाढतच होते. एका दाराने घालवावेत तर दुसऱ्या दाराने परत हजर. अर्जांचे ढीग येऊ लागले. मार्क ट्वेनने त्याला पत्र लिहिलं की तुमची भरभराट दिसतेय, तर एका भक्ताला स्तोत्रांचं पुस्तक घ्यायला दीड डॉलर द्या. आणि खाली ताजा कलम, पुस्तक पाठवू नका, पैसेच पाठवा, निवड माझी मी करीन. चर्चना त्याने ऑर्गन दिले, एकूण 7,689. प्रवचनावर त्याचा फारसा भरवसा नव्हता, संगीतावर होता. वर्तमानपत्रात अजस्र डायनासोर सापडल्याची बातमी वाचली आणि तसला एक आपल्या पिट्सबर्गच्या संग्रहालयाला हवाच, म्हणून माणसं वायोमिंगला धाडली. मिळालेल्या डिप्लोडोकसला शास्त्रज्ञांनी नाव दिलं कार्नेगीचं. स्कॉटलंडमधल्या कार्नेगीच्या स्किबो किल्ल्यात या डिप्लोडोकसचं चित्र पाहून सातव्या एडवर्ड राजाने असा एक आम्हालाही हवा म्हटलं, तेव्हा याने प्लास्टरचा साचा करून 26 मीटरचा सांगाडा 1905 मध्ये लंडनला भेट दिला. मग बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना, सगळ्यांनाच हवा झाला. आहेरात सारखीच भांडी वाटावीत तसे याने युरोपभर डायनासोर वाटले.

इंग्रजी स्पेलिंगं सोपी करायचंही मनात घेतलं. 1906 मध्ये त्यासाठी मंडळ काढलं, पैसे पुरवले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने तीनशे शब्दांची नवी स्पेलिंगं सरकारी छापखान्याला लावून पाहिली, पण इतका गदारोळ झाला की माघार घ्यावी लागली. एका वेलांटीवरून साहित्यसभा उधळलेल्या आपण पाहिल्या आहेत, तेव्हा यात नवल नाही. पैशाने पोलाद वाकतं, लिहिणाऱ्याची सवय वाकत नाही.

वाचनालयांचं काम मात्र त्याने धंद्याच्या शिस्तीने केलं. जगभरात 2,509 इमारती, त्यांतल्या 1,679 अमेरिकेत. हे सगळं सांभाळलं जेम्स बर्ट्रम नावाच्या एका चिटणीसाने. गावाने अर्ज केला की बर्ट्रमचा छापील कागद यायचा. लोकसंख्या किती? सध्या पुस्तकांची काय सोय? जागा गाव देणार का? आणि मग कळीचा प्रश्न: इमारतीला जेवढा खर्च येईल त्याच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावाच्या करातून द्यायचा ठराव नगरपालिका करणार का? दहा हजाराची इमारत हवी तर वर्षाला हजार. पुस्तकं, ग्रंथपालाचा पगार, कोळसा, दिवे, सगळं गावाने बघायचं. ठराव नाही तर इमारत नाही. काही गावांनी एवढं ऐकून अर्ज मागे घेतले. आराखडेही बर्ट्रम तपासायचा. घुमट, मोठाले जिने, शेकोट्या यांवर त्याची लाल पेन्सिल फिरायची. सगळ्या खोल्यांवर एका ग्रंथपालाला एका जागी बसून नजर ठेवता आली पाहिजे हा त्याचा आग्रह. दारावर आपलं नाव असावं, अशी कार्नेगीची अट नव्हती. डनफर्मलिनच्या पहिल्या वाचनालयाच्या वेळी वास्तुविशारदाने विचारलं, दारावर तुमच्या घराण्याचं चिन्ह कोरू का? विणकराच्या घराण्याला कुठलं आलंय चिन्ह! उगवता सूर्य आणि प्रकाश होवो अशा अर्थाचं वचन कोरा, असं याने सांगितलं. नाव गावांनीच आपणहून घातलं, हा भाग वेगळा.

मला या माणसाच्या सगळ्या देणग्यांत ही दहा टक्क्यांची अट सर्वांत मोलाची वाटते, आणि ती देणगी नव्हतीच. आपल्याकडे शताब्दी झालेली वाचनालयं आहेत, कोनशिला आहेत, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सभागृह आहे. ग्रंथालय कायदा 1967 चा, त्यानुसार अ, ब, क, ड असे वर्गही आहेत. पण पावसाळ्यात गळणाऱ्या कौलाच्या स्मरणार्थ कुणी देणगी देत नाही, आणि ग्रंथपालाच्या पगाराला आपलं नाव द्या असा आग्रह धरणारा दाता मी अजून पाहिलेला नाही.

हे मर्म आपल्यातल्या एका माणसाने ओळखलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड 1906 मध्ये अमेरिकेत गेले, ते तिथली मोफत वाचनालयं पाहून भारावले. तो कार्नेगीच्या इमारतींचा भर बहराचा काळ. 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय झालं, खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. गावात वाचनालय काढायचं तर गावकऱ्यांनी आपला वाटा आधी जमवायचा, मग तेवढाच पंचायतीने आणि तेवढाच सरकारने घालायचा. महाराजांनी इमारतीची नक्कल केली नाही, अटीची केली.

कार्नेगीची मला सर्वांत आवडती खरेदी मात्र पिटनक्रीफची. डनफर्मलिनमधली ही जहागीरदाराची बाग, जुन्या राजवाड्याच्या अवशेषांना लागून. वर्षातून एक दिवस ती गावाला खुली व्हायची, पण कार्नेगीच्या आजोळच्या मॉरिसन मंडळींनी वहिवाटीच्या हक्कावरून जहागीरदाराशी भांडण केलेलं, म्हणून त्यांच्या पोराबाळांना तेवढी बंदी. गावातली सगळी मुलं आत, हा फाटकाबाहेर. 1902 मध्ये त्याने आख्खी बाग विकत घेतली आणि गावाला देऊन टाकली, वर देखभालीला भरघोस निधी. पोलादाच्या राजाला जगात कितीतरी मानमरातब मिळाले, पण पिटनक्रीफचा जहागीरदार हा किताब त्याला सर्वांत प्यारा होता. उदात्त तत्त्वज्ञान बाजूला ठेवा. यात सूड आहे, आणि इतका लोकोपयोगी सूड मी दुसरा ऐकलेला नाही.

शेवटी त्याने जगात शांतता विकत घ्यायचं ठरवलं. 1910 मध्ये शांततेसाठी एक कोटी डॉलरचा निधी दिला आणि विश्वस्तांना लिहून दिलं की युद्ध कायमचं बंद झालं की उरलेली रक्कम त्याखालोखालच्या दुष्ट प्रथेच्या निर्मूलनासाठी वापरावी. रक्कम उरेल याची त्याला खात्री होती! हेगला त्याच्याच पैशातून शांतिप्रासाद उभा राहिला, 28 ऑगस्ट 1913 ला थाटात उद्घाटन झालं. वर्ष भरायच्या आत महायुद्ध सुरू झालं. कार्नेगीने आत्मचरित्र लिहायचं तिथेच थांबवलं.

11 ऑगस्ट 1919 ला तो गेला, वय 83. तोवर 35 कोटी डॉलर वाटून झाले होते. उरलेले तीनेक कोटीही मृत्युपत्रातून बहुतेक संस्थांना आणि पेन्शनींना गेले. अखेरच्या दिवसांत त्याने फ्रिकला समेटाचा निरोप पाठवला, तेव्हा फ्रिकने कळवलं म्हणतात की आता नरकातच भेटू, आपण दोघेही तिकडेच निघालोय.

फ्रिकचा निकाल मला थोडा कडक वाटतो. माझ्या मते होमस्टेडच्या पेपरात कार्नेगी नापास आहे आणि अडीच हजार वाचनालयांचे ग्रेस मार्क देऊनही तो विषय सुटत नाही. वाचनालयांच्या पेपरात त्याला पहिला नंबर द्यायला मी एका पायावर तयार आहे. दोन गुणपत्रिकांची सरासरी काढायची सवय आपल्याला शाळेने लावली आहे. इथे काढू नये.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या गावच्या किंवा वॉर्डातल्या वाचनालयाची वर्गणी थकली असेल तर या महिन्यात भरून टाका. ग्रंथपाल जागेवर नसतील तर शिपायाकडे द्या, पण पावती घ्या. आणि घरात त्यांचं एखादं पुस्तक गेल्या दिवाळीपासून पडून असेल, तर तेही घेऊन जा.